आजाऱ्याची वेणी

धर्मगुरूने केसांविषयी, आणि तेही स्त्रियांच्या केसांविषयी लेख लिहावा, हे आमच्या काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. एका ज्येष्ठ धर्मगुरूमित्रांस आम्ही हा विषय बोलून दाखविला, तेव्हा त्यांनी प्रथम आमच्या विरळ झालेल्या मस्तकाकडे पाहिले आणि मग, "लिहा, लिहा. ज्याच्यापाशी जे उरलेले नसते त्याविषयी तो निःपक्षपातीपणे लिहू शकतो," असा शेरा मारला. त्यांच्या विनोदाचा आदर राखून आम्ही लेखणी हाती घेत आहोत. गेली काही वर्षे एक गोष्ट आमच्या मनात घर करून बसली आहे, आणि ती रविवारच्या प्रवचनात सांगण्याजोगी नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन जातो. सध्या आमच्या यादीत एकवीस घरे आहेत. त्यांपैकी सोळा घरांत अंथरुणाला खिळलेली व्यक्ती स्त्री आहे. खाटेपाशी उभे राहिले की प्रथम दृष्टीस पडते ते उशीवरचे मस्तक. पुरुषांचे एक बरे असते. महिन्या-दोन महिन्यांनी न्हावी घरी येतो आणि प्रश्न मिटतो. स्त्रियांचे तसे नाही. तेल-पाण्याअभावी चिकटलेले, मानेखाली दबून दोरखंडासारखे झालेले, घामाने कपाळाला डकवल्यासारखे बसलेले केस आम्ही पाहतो. किंवा मग केसच पाहत नाही. कानांच्या वर कापून टाकलेले खुंट तेवढे दिसतात. औषधांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात, चादर स्वच्छ असते, क्रुसापुढे दिवा असतो. सर्व काही यथास्थित असूनही रुग्णाच्या डोक्याकडे मात्र कोणी पाहिलेले नसते, असे अनेकदा आढळते.

आमच्या लहानपणीच्या वसईत केसांना रात्रीचा एक वेगळा शिष्टाचार होता. तिन्हीसांजेला केसांना फणी लावायची नाही, हा दंडक हिंदू शेजाऱ्यांकडे होता तसाच आमच्या घरीही होता. शेजारी त्याचा संबंध लक्ष्मीच्या आगमनाशी जोडीत. आमची आजी मात्र, कंदिलाच्या उजेडात गळालेला केस दिसत नाही व तो मागाहून कालवणात सापडतो, एवढेच कारण देई. संध्याकाळची रोझरी झाली, जेवणे उरकली, भांडी पालथी पडली म्हणजे ती ओटीवर येऊन बसे. दिवसभराचा अंबाडा सुटे. त्यात माळलेला मोगऱ्याचा गजरा निघून पाण्याच्या वाटीत जाई. मग घरच्या खोबऱ्याचे तेल दोन बोटांवर घेऊन ती ते केसांच्या टोकांना लावी; टाळूला तेल घालणे हे रविवारचे काम, रोजचे नव्हे. लाकडी फणीने केस उगवून झाले की सैलसर तिपेडी वेणी घातली जाई आणि शेवटी जुन्या लुगड्याची चिंधी बांधली जाई. तिला ती आगवळ म्हणे. हा शब्द आता ऐकू येत नाही. गळालेल्या केसांचा गुंडा भिंतीच्या खबदाडीत ठेवलेला असे, कारण त्याच्या बदल्यात फेरीवाला आम्हा मुलांना फुगे देत असे. निजताना आजी वेणी उशीवरून मागे टाकी, म्हणजे ती अंगाखाली येत नसे. हे सारे दहा मिनिटांत होई, आणि तेवढा वेळ तिच्याशी कोणी कामाचे बोलत नसे.

या रीतीमागे सौंदर्याचा विचार होता तितकाच व्यवहाराचाही होता. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी पन्नास ते शंभर रोज गळतात आणि ते सुटे केस उरलेल्यांत अडकून राहिले की गुंता होतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत पोहोचलेल्या पाऊण मीटर लांबीच्या केसाचे टोक सहा वर्षांपूर्वी त्वचेबाहेर आलेले असते. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. जखम भरून येते तशी त्याची झीज भरून येत नाही. त्याच्या पृष्ठभागावर कौलारू छपराप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात व त्यांची तोंडे टोकाकडे असतात. सुती अभ्र्यावर डोके रात्रभर इकडून तिकडे वळते, तेव्हा हे खवले उचकटतात आणि शेजारच्या केसांच्या खवल्यांत गुंततात. लोकर भिजवून, दाबून, चोळून नमदा तयार करतात, त्याच क्रियेची ही मंद आवृत्ती म्हणावयाची. केस ओले असतील तर ते फुगतात, ताणले जातात व सहज तुटतात. यास्तव ओल्या केसांनी निजू नये हा आजीचा आग्रहही योग्यच होता, जरी ती त्याचे कारण सर्दी हे सांगत असे.

खोबरेलाविषयी तर तिचे म्हणणे प्रयोगशाळेनेही उचलून धरले आहे. मुंबईच्या दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्यापूर्वी किंवा धुतल्यानंतर लावले असता केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी करते ते एकटे खोबरेल, असे त्यांना आढळले. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात. आमच्या वाड्यांतील माडांना हे ऐकून आनंद झाला असता.

आता अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचा विचार करा. निरोगी माणसाचे डोके उशीवर सात-आठ तास असते. आजाऱ्याचे चोवीस तास. त्यात ताप, घाम, सलाइनच्या नळ्या आणि आठ-आठ दिवस न मिळणारी डोक्यावरची आंघोळ. पाठीवर निजणाऱ्या तान्ह्या बाळाच्या डोक्यामागचे केस झिजून तिथे चकंदळ पडते, हे प्रत्येक आईने पाहिलेले असते. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यामागेही तेच घडते, फक्त तिकडे कोणी कौतुकाने पाहत नाही. चार-पाच दिवस केस उलगडले नाहीत की गाठी होतात. पंधरा दिवसांत त्या गाठींचा एक गोळा बनतो. पुढे तो सुटत नाही. त्यालाच जट म्हणतात.

जटेभोवती माणसांनी किती भय साठवले आहे, हे आपल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. केसांत जट झाली म्हणजे देवीचे बोलावणे आले, असे मानून कित्येक स्त्रियांनी वर्षानुवर्षे ते ओझे डोक्यावर वाहिले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी गावोगाव जाऊन अशा अनेक स्त्रियांची समजूत घातली व त्यांच्या जटा स्वतःच्या हातांनी उतरविल्या. ख्रिस्ती देशही या भयापासून मुक्त नव्हते. पोलंडमध्ये जट कापली तर माणूस आंधळा होतो किंवा त्याहून वाईट काही घडते, अशी समजूत शतकानुशतके होती. एकोणिसाव्या शतकात क्राको येथील डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी, हा मुळी रोगच नव्हे, न विंचरलेल्या व न धुतलेल्या केसांचा तो परिणाम आहे, असे ठासून सांगितले आणि त्याविरुद्ध मोहीम उघडली. जट कापावी लागते तेव्हा ती कापलीच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. आमचे म्हणणे तिच्या आधीच्या पंधरा दिवसांविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या, वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडल्याने त्या तीन आठवडे रुग्णालयात होत्या. त्या मुक्कामात त्यांची वेणी एकदाही सोडली गेली नाही. घरी आणल्यावर पाहतात तो मानेमागे मुठीएवढा गोळा. घरचे सर्व नोकरदार, ब्युरोतून आलेल्या बाईंना दोन माणसांचे काम. झोपेच्या गोळीवर बाई गाढ निजल्या असताना कात्री लावण्यात आली. नुसता गोळा कापून भागले असते. परंतु पुन्हा कटकट नको म्हणून सगळेच केस चार बोटे ठेवून उतरविले गेले. जाग आल्यावर त्यांचा हात सवयीने मानेकडे गेला. त्या रडल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, "माझी वेणी कुठे ठेवलीत?"

ती कोणी ठेवली नव्हती. सकाळच्या कचऱ्याबरोबर ती गेली होती.

त्यानंतर आम्ही कम्युनियन घेऊन गेलो तेव्हा त्यांनी डोक्यावर पदर घट्ट ओढून घेतला होता. शेजारणींना खोलीत यायची मनाई झाली होती. "वाढतील की पुन्हा," असे मुलगा आमच्यादेखत समजुतीने म्हणाला. बाईंनी आयुष्यभर तिसरी-चौथीला गणित शिकविलेले, त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "सहा वर्षे लागतील." त्या पुढे चौदा महिने जगल्या. शवपेटीत त्यांना पाहिले तेव्हा केस जेमतेम मानेपर्यंत आले होते.

त्या घराला आम्ही बोल लावीत नाही. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांची झीज बाहेरून दिसत नाही, आणि बाहेरून येऊन आशीर्वाद देऊन परतणाऱ्याने त्यांचा न्याय करणे सोपे असते. तरीपण आम्हाला शास्त्यांच्या ग्रंथातील शमशोन आठवल्यावाचून राहिला नाही. त्याच्या सात बटा त्याच्या निद्रेत कापल्या गेल्या. जागा झाला तेव्हा काय गेले हे त्याला प्रथम कळलेसुद्धा नाही. याच्या उलट असिसीच्या संत क्लेअरची रात्र आहे. परंपरेनुसार १२१२ साली झावळ्यांच्या रविवारी रात्री ती घर सोडून पोर्झिउंकुलाच्या छोट्या देवळात आली आणि संत फ्रान्सिसने तिचे केस कापले. तेथे तिचे मस्तक तिने आपण होऊन पुढे केले होते. उमेदवार धर्मसेवकाचे थोडे केस विधिपूर्वक कापण्याची टॉन्शरची प्रथा पोप सहावे पौल यांनी १९७२ साली रद्द केली, त्यामुळे आमच्या पिढीवर तो प्रसंग आला नाही. आमच्या बाबतीत ते काम निसर्गाने परस्पर उरकले. परंतु त्या विधीतही कात्री डोक्याला लागण्यापूर्वी उमेदवाराचे होकारार्थी उत्तर घेतले जात असे. आजाऱ्याला विचारावे, एवढेही आपण का विसरतो?

आमच्या सध्याच्या यादीतील एक घर किनाऱ्यालगतच्या कोळीवाड्यात आहे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींना अर्धांगवायूने उजवा हात गेला व वाचाही जवळपास गेली. सून पहाटे तीनला उठून मासळीच्या घाऊक बाजारात जाते, म्हणून ती लवकर निजते. त्यामुळे आजींच्या केसांचे काम मुलाकडे आले आहे. गडी पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा, तळहात दोराने चिरलेले. प्रथम त्याने मुळापासून कंगवा ओढला तेव्हा म्हातारीने डाव्या हाताने त्याच्या मुस्कटात दिली होती, हे तो मोठ्या अभिमानाने सांगतो. पुढे त्याला आपोआप सुचले. "फादर, जाळ्याचा गुंता ओढून सुटत नाही. ढिला करत जावं लागतं. हेही जाळंच."

त्याची पद्धत आम्ही दोन वेळा बसून पाहिली आहे व ती येथे नोंदवून ठेवतो. आधी तो आईला कुशीवर वळवितो आणि उशीवर जुना टॉवेल पसरतो. हाताला थोडे तेल चोळून ते नुसते केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लावतो. रुंद दातांचा कंगवा टोकांपाशी चालवतो. तेथे मोकळे झाले की चार बोटे वर सरकतो. बट मधोमध मुठीत घट्ट धरतो, म्हणजे ओढ मुठीपर्यंतच राहते, मुळांपर्यंत जात नाही. गाठ आली की कंगवा ठेवून बोटांनी उकलतो. शेवटी मधला भांग काढून दोन्ही कानांच्या बाजूंस दोन सैल वेण्या घालतो आणि त्या पुढे छातीवर आणून सोडतो. डोक्यामागे काहीही ठेवायचे नाही. गाठ, पिन, चाप, काही नाही. निजलेल्या माणसाला मागची एक वेणी म्हणजे रात्रभर मणक्याखाली रुतणारा दोर. परिचारिकांनाही अशाच दोन वेण्या शिकवितात, हे आम्हाला मागाहून समजले. या गृहस्थाला ते कोणी सांगितले नव्हते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी दोन वेण्या घातलेली ती आजी पाहून नातवंडे तिला शाळेला उशीर झाला म्हणून चिडवतात, आणि ती अर्ध्या तोंडाने हसते.

एके रात्री केस विंचरतानाच त्याला डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. दाबला तरी तो पांढरा पडेना. अंथरुणातील व्रण पाठीला व टाचांना होतात हे सर्वांना ठाऊक असते. ते डोक्यामागेही होतात आणि केसांखाली असल्याने लक्षातच येत नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, उशी बदलली, दर दोन तासांनी मान वळविण्याचा क्रम ठरला आणि कातडी फुटण्यापूर्वीच डाग मावळला. चोवीस तासांत त्या जागेकडे पाहणारा हा एकच प्रसंग असतो, आणि तोच टाळला तर डाग कोण पाहणार?

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तो रोज रात्री घरी असतो. एरवी बोट चार-सहा दिवस बाहेर राहते. त्या रात्री थोरली नात हे काम करते. नातीची वेणी अधिक सुबक असते, पण ती फार घट्ट ओढते, अशी आजींची खुणेने तक्रार आहे. ती तक्रार रास्त आहे. वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या केसांची मुळे उखडतात; आपल्या कित्येक वृद्ध स्त्रियांचे कपाळ वर सरकलेले व भांग रुंदावलेला दिसतो, त्यात वयाबरोबर या ओढीचाही वाटा असतो. आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. डोक्यात खपल्या, खाज, तेलकट कोंडा असेल तर रात्रभर तेल मुरवू नये. त्या कोंड्यामागे जी सूक्ष्म बुरशी असते ती तेलावरच पोसते. तेथे डॉक्टरांचे औषध हवे. केस धुतले असतील तर दुपारी धुवावेत, रात्रीपर्यंत पूर्ण सुकू द्यावेत. बाकी बाजारातील महागड्या बाटल्यांविषयी आम्ही काही सांगू शकत नाही व सांगू इच्छीतही नाही.

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक परिचारिका लंडनहून सुट्टीवर आल्या होत्या. कोळीवाड्यातील ही हकिकत त्यांना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, उशीचा अभ्रा तेवढा बदलायला सांगा." त्यांच्यासोबत काम करणाऱ्या जमैकन वंशाच्या स्त्रिया रात्री साटीनची टोपी किंवा रेशमी रुमाल बांधल्याशिवाय निजत नाहीत. त्यांचे केस दाट कुरळे. डोक्याच्या त्वचेतील नैसर्गिक तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही, आणि जे थोडे उतरते ते सुती कापड शोषून घेते. म्हणून ही टोपी आई मुलीला लहानपणीच बांधायला शिकविते. गुळगुळीत कापडावर केस घासत नाहीत, घसरतात. आपल्याकडे प्रत्येक कपाटात एखादी विरलेली रेशमी साडी असतेच. तिचा एक अभ्रा शिवायला अर्धा तास पुरतो. त्या बाईंनी जाण्यापूर्वी अशा नऊ अभ्र्यांचे कापड बेतून दिले आणि आमच्या महिला मंडळाने ते शिवले. कोळीवाड्यातल्या आजींचा अभ्रा त्यांच्याच लग्नातल्या शालूचा आहे.

त्यांनी आणलेल्या दोन साटीनच्या टोप्यांपैकी एक आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका शिक्षिकेकडे गेली. वय बेचाळीस, स्तनाचा कर्करोग. केमोथेरपीच्या पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, हे डॉक्टरांनी तिला आधीच सांगितले होते. तिने वाट पाहिली नाही. पहिल्या मात्रेच्या आदल्या रात्री तिने नेहमीप्रमाणे तेल लावून वेणी घातली, दोन्ही टोकांना रिबीन बांधली आणि नवऱ्याला वरून कापायला सांगितली. याला कारण त्यांची सात वर्षांची मुलगी होती. आईच्या वेणीचे टोक मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे.

केस गेल्यावर डोके रात्री गार पडते आणि त्वचा इतकी हळवी होते की उशीची शिवणसुद्धा बोचते. तेव्हा त्या टोपीचा उपयोग झाला. मुलीला मात्र ती टोपी पसंत नव्हती. ती कापलेली वेणी उशाशी घेऊन निजू लागली. उपचार संपून आता आठ महिने झाले. आईचे केस पुन्हा आले आहेत, पूर्वी सरळ होते ते आता कुरळे येत आहेत, आणि भांग कुठून पाडावा हे तिला अजून ठरविता आलेले नाही. मागच्या शुक्रवारी आम्ही त्या घरी सहज डोकावलो तेव्हा मुलगी ओटीवर बसून त्या जुन्या वेणीला तेल लावीत होती. टाळूला नाही, टोकांना.